काळ्या बोक्याचे पाच केस

४ सप्टेंबर, बुधवार

आज वर्गाला सहाच जण. जूनमध्ये चौदा होते. आठ गळाले याचं मला काडीचंही दुःख नाही. ज्यांना पेन्सिलीला टोक काढायचा कंटाळा येतो त्यांनी घरी बसून वाटाणे सोलावेत.

दुःख ग्रंथपालाला आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली त्याच्या ताब्यात, म्हणून तो स्वतःला मालक समजतो. वर्ग सुटल्यावर त्याने मला खाली बोलावलं, खुर्ची दिली, हवापाण्याचं बोलून घेतलं आणि मग म्हणाला, "सर, लोक येतात ते जरा विरंगुळा म्हणून. तुम्ही त्यांना फार बोलता असं कानावर आलंय."

"जनावराचे केस उलटे काढले तर काय करू? पाठ थोपटू?"

"तसं नाही हो. पण नोव्हेंबरात खालच्या हॉलमध्ये वर्गाचं प्रदर्शन लावू या. ते बघून समिती ठरवेल, पुढच्या वर्षी वर्ग तुमच्याकडे ठेवायचा की दुसऱ्या कुणाला द्यायचा."

दुसऱ्या कुणाला! एकतीस वर्षं मी प्राणिशास्त्र विभागात चित्रकार होतो. विभागाच्या पुस्तकांतला प्रत्येक उंदीर, प्रत्येक कोल्हा माझ्या हातचा. कोल्ह्याच्या शेपटीत किती तऱ्हेचे केस असतात हे त्या समितीतल्या एकाने सांगावं, मी तिथल्या तिथे निवृत्ती घेतो. म्हणजे ती घेऊन झाली आहे, पण पुन्हा घेतो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग जरा कमी बोला." बस्स. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ आली की हिला नेमकं स्वयंपाकघरात काम निघतं.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून एक खरं लिहितो. वर्ग गेला तर माझ्याकडे काही उरत नाही. बाकीचे सगळे वार आता सारखेच झालेत. बुधवार तेवढा वेगळा ओळखू येतो.

११ सप्टेंबर, बुधवार

ग्रंथपालाचे कान भरणारं कोण, याचा दिवसभर विचार केला. माझा संशय इंजेक्शनबाईवर आहे. ही बाई जन्मभर हॉस्पिटलात सिस्टर होती, मागच्या वर्षी निवृत्त झाली आणि चित्रकलेच्या मानगुटीवर बसली. तिला नाव आहे, हजेरीत लिहिलेलं आहे, पण मनात मी तिला इंजेक्शनबाईच म्हणतो. पेन्सिल धरते थर्मामीटरसारखी.

तिने एक काळा बोका काढायला घेतलाय. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात राहायचा म्हणे. आज तिच्या बाकापाशी थांबून पाहिलं. पाठीवरचे सगळे केस एकाच लांबीचे, एकाच दिशेने, एकाच दाबाने. केस मुळाशी दाबून काढायचा आणि टोकाकडे जाता जाता हात उचलायचा, म्हणजे तो निमुळता होत नाहीसा होतो. हे मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतोय.

मी म्हटलं, "हा बोका नाही बाई, हे पायपुसणं आहे."

ती हसली. "मग पाय पुसायला तरी उपयोगी पडेल, सर."

अख्खा वर्ग हसला. तो निवृत्त पोस्टमन तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याचा ससा तीन आठवडे झाले तरी उकडलेल्या बटाट्यापलीकडे गेलेला नाही, आणि तो हसतोय. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या वर्गात हसण्याचा आवाज जूनपासून झाला नव्हता, आणि झाला तो माझ्यावर.

बोक्याचे डोळे मात्र बरे आलेत. डोळे कुणालाही येतात.

१५ सप्टेंबर, रविवार

प्रदर्शनात शिक्षकाचंही एक चित्र असावं असं ग्रंथपाल म्हणाला. मी मुंगूस घेतलंय. मुंगसाचा एकेक केस फिका-काळा-फिका असा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. असा केस पेन्सिलीने काढायचा म्हणजे काय ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. आधी कठीण पेन्सिलीचा थर, मग मऊ, मग पुन्हा कठीण. सकाळी सातपासून बसलो, दुपारी दोनपर्यंत एक खांदा झाला.

विभागात आमच्यासमोर काचेच्या कपाटातली मुंगसं असत. हलत नाहीत, चावत नाहीत, केस मोजता येतात. जिवंत जनावर काढायच्या मी कधी फंदात पडलो नाही. जिवंत जनावर म्हणजे नुसता घोळ.

ही चहा घेऊन आली, पाठीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "पेंढा भरल्यासारखं वाटतंय."

"पेंढा भरलेलंच होतं ते," मी म्हटलं. तिला इतकं अचूक कळावं याचं जरा बरंही वाटलं. ती कप ठेवून गेली.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज शिवणवाली रडकुंडीला आली. शिवणकाम करते ती बाई. कुत्र्याच्या कानातले पांढरे केस तिला येईनात. भोवतीचा काळा रंग भरताना मधली पांढरी रेघ मोकळी सोडायची, तर ती सुतळीएवढी जाड होते. रबराने खोडून काढायची, तर सगळं राखेसारखं फासलं जातं.

"सर, इतका बारीक पांढरा केस कसा सोडायचा?"

"जागा सोडायची," मी म्हटलं.

"पण इतकी बारीक जागा सुटत नाही."

"हात स्थिर नसेल तर नाहीच सुटणार."

खरं उत्तर माझ्या खिशात होतं. हिच्या डब्यातून लग्नाच्या पहिल्या वर्षी उचललेली रफूची सुई. टोक दगडावर घासून बोथट केलेलं. रंग भरण्याआधी या सुईने कोऱ्या कागदावर केस दाबून ठेवायचा. डोळ्यांना काही दिसत नाही. मग वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की कागद काळा होतो, पण दाबलेल्या खाचेत पेन्सिल उतरत नाही. केस आपोआप पांढरा उमटतो, टोक दिसेनासं होईल इतका बारीक.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. विभागातही नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं, चार वर्षं कागद नासवून सापडलं. हे फुकटात वाटून टाकलं तर उद्या पोस्टमनसुद्धा मिशा काढेल. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?

तर शिवणवाली डोळे पुसते आहे, आणि इंजेक्शनबाई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. "चला, आपण दोघी मिळून वाईट काढू," म्हणाली. पाच मिनिटांत बाकीचे चौघेही खुर्च्या ओढून तिकडे गेले. मी समोर, माझं टेबल समोर, आणि वर्ग सगळा मागच्या कोपऱ्यात. खडू हातात धरून मी एकटाच फळ्याजवळ. माझ्या डोक्यावर मिरी वाटायला ही बाई आली आहे, दुसरं काही नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

पुरावा मिळाला. गांधी जयंतीची सुट्टी असूनही मी वर्ग घेतला होता. तो सुटल्यावर माझी छत्री वर राहिली म्हणून परत जिना चढत होतो. वरच्या वळणावर पोस्टमनचा आवाज आला. "बाई, तुम्हीच घ्या ना वर्ग. यांची बोलणी ऐकायला मी आता येणार नाही." त्यावर इंजेक्शनबाई काहीतरी म्हणाली, बराच वेळ बोलत होती. आवाज चढला होता तिचा. मी ऐकायला थांबलो नाही. चोरून ऐकायची मला सवय नाही. छत्री तशीच ठेवून खाली आलो.

म्हणजे मी म्हणतो तेच खरं. माझ्या पायाखालची सतरंजी ओढायचं चाललंय, तेही माझ्याच खोलीत, माझ्याच वेळेत.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो. लाज वाटावी असं त्यात काही नाही.

वरच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते. दुपारी वाचनालय बंद असताना गेलो. सगळ्यांचे कागद भिंतीजवळच्या सपाट कपाटात. इंजेक्शनबाईचा बोका वरच होता. पाठ झालेली, डोळे झालेले. डाव्या कानापासून गालापर्यंत कागद अजून कोरा, नुसती फिकट बाह्यरेषा. येत्या बुधवारी ती तिथे काळं भरणार हे मला ठाऊक होतं.

सुई काढली. तोंडावर आडव्यातिडव्या रेघा मारायच्या, असं ठरवून आलो होतो. बुधवारी तिने सिक्स बीची मऊ, काळी पेन्सिल फिरवली की गालफडावर पांढरे ओरखडे उठतील. खाच खोडता येत नाही. दुसरा कागद घेऊन नव्याने काढायला महिनाभर लागतो आणि प्रदर्शन उरलंय पाच आठवड्यांवर. कागद वाईट निघाला असं सगळे म्हणतील.

पाच रेघा मारल्या. दातओठ खाऊन मारल्या. दुसरीपासून हात आपसूक चालला. कानाच्या आतून बाहेर, बाहेरून खाली गालाकडे. शेवटाला दरवेळी हात उचलला गेला, ती सवयच आहे. पण मुळाशी मी चांगला दाब दिलाय. कागद खिडकीशी तिरका धरून पाहिला. खाचा पक्क्या आहेत.

कागद होता तसा ठेवला, कुलूप लावलं. घरी आलो तर ही म्हणाली, "आज शनिवारी कुठे गेला होतात?" मी म्हटलं, छत्री आणायला. छत्री खरंच आणली होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

इंजेक्शनबाईने कागद काढला. पेन्सिल उचलण्याआधी तिने त्या कोऱ्या जागेवर दोन बोटं फिरवली. हाताची शीर शोधतात तशी, सावकाश. बोटं कानाशी थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा गालापर्यंत गेली. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी टोक काढत होतो. बोटांनी खाच कळणं शक्यच नाही, मला स्वतःला कळत नाही. तिने सिक्स बी घेतली आणि आडवी धरून भरायला लागली.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिचं "अगं बाई!" कधी ऐकू येतं याची वाट बघत.

ओरडली ती शिवणवाली. "अय्या, हे काय! हे बघा, हे बघा!"

सगळे धावले. मीही गेलो. काळ्या गालावर पाच पांढरे केस उठले होते. ओरखडे नाहीत. केस. कानाच्या आतून निघून बाहेरच्या कडेला वळलेले, गालाच्या गोलाईने खाली आलेले, एकापेक्षा एक लांब. टोकं कुठे संपतात ते सांगता येत नव्हतं. तो बोका आत्ता कान हलवेल असं वाटलं. ते पायपुसणं एका क्षणात जनावर झालं.

"बाई, कसं केलंत?" पोस्टमनने विचारलं.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "कागदातच होतं."

"कागद खराब असेल," मी म्हटलं.

कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते पाच केस माझे आहेत. एवढे चांगले केस मी मुंगसात काढलेले नाहीत. कोल्ह्यातही नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

अंग मोडून आलंय असा निरोप पाठवून गेलो नाही. ही म्हणाली, "ताप तर नाही." मी म्हटलं, आतून आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शन झालं. पाहुणे म्हणून जनावरांचे एक वयस्कर डॉक्टर बोलावले होते. मुंगसासमोर उभे राहून म्हणाले, "वा. थेट आमच्या कॉलेजच्या कपाटातलं." मी नमस्कार केला. ते पुढे सरकलेही होते. सहा आठवडे, एकेका केसाला तीन थर, आणि मला मिळालं ते एवढं.

बोक्यासमोर मात्र थांबले. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ कानाजवळ धरून उभे होते.

"सिस्टर, हा बोका तुमचा?"

"हो."

"डोळे फार छान आहेत. बोका जिवंत केलात तुम्ही. पण हे पाच केस..." भिंग हलवत ते म्हणाले, "हा हात वेगळा आहे. शिकत असताना आमच्या पुस्तकात एक कोल्हा होता. त्याच्या कानात असे केस होते. मी परीक्षेचा अभ्यास सोडून ते बघत बसायचो. हे जमायला जन्म जातो, बरं का."

तो कोल्हा माझा. पुस्तकात चित्रकाराचं नाव छापायची पद्धत नव्हती.

"डॉक्टर, ते मी काढलेले नाहीत," इंजेक्शनबाई म्हणाली. "ते कागदात आधीच होते. मी नुसतं भोवती काळं केलं." लोक हसले, काय नम्र बाई आहे म्हणून. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, सर?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. "मला काय माहीत?" मी म्हटलं.

हीसुद्धा आली होती. मुंगसाला तिने दोन मिनिटं दिली. बोक्यासमोर पंधरा मिनिटं उभी होती, मी घड्याळात पाहिलं. घराशी आल्यावर म्हणाली, "माझी रफूची सुई कुठे असते हल्ली?"

"खिशात."

"तेच म्हटलं." मग कुलूप काढता काढता म्हणाली, "इतका राग होता तुम्हाला तिचा? आणि तरी इतकं सुंदर."

मी चपला काढून सरळ आत गेलो. जेवलो नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस डोक्यात एकच चाललं होतं. समिती तो बोका बघून वर्ग इंजेक्शनबाईला देणार. माझ्या केसांवर ती माझी खुर्ची घेणार. सकाळी उठलो, दाढी केली आणि वाचनालय उघडायच्या वेळेला ग्रंथपालासमोर जाऊन उभा राहिलो.

"या सर, बरं झालं आलात, मी आजच तुम्हाला..."

"आधी माझं ऐका. ते पाच केस माझे आहेत."

"हो, सर, ते..."

"विश्वास नाही ना? दाखवतो." टेबलावर एक कागद पालथा पडला होता, तो ओढला. खिशातून सुई काढली, एका दमात पाच केस दाबले, त्याच्याच पेन्सिलीने वरून काळं केलं. पाचही केस उमटले. "हे बघा. एकतीस वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. आता सांगा, हा हात कुणाचा?"

ग्रंथपाल कागदाकडे बघत राहिला. "तुमचाच, सर. सिस्टरांनी सांगितलंय मला. शनिवारीच. सरांनी माझ्या अर्ध्या चित्रावर आधी येऊन केस दाबून दिले म्हणाल्या, कुणाला कळू न देता. इतकं कोण कुणासाठी करतं? वर्ग सरांकडेच ठेवा म्हणाल्या. पोस्टमन सोडून जाणार होते तर त्यांनाही सिस्टरांनीच धरून ठेवलं. मदत केलीत तुम्ही त्यांना."

मदत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईला मदत केली? माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले केस मी तिला भेट दिले, असं गावभर होणार?

"मदतबिदत काही नाही," मी ओरडलो. "मला ते चित्र वाया घालवायचं होतं!"

पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे दोघे वळून बघायला लागले. ग्रंथपालाने कागद माझ्याकडून हळूच घेतला आणि उलटा केला. दुसऱ्या बाजूला टाइप केलेलं पत्र होतं. खाली समितीच्या सह्या. पुढील वर्षीही वर्ग सरांकडेच ठेवावा असं एकमताने ठरलं आहे, असं होतं. मी दोनदा वाचलं.

"हे मला समितीला सांगावं लागेल, सर," तो म्हणाला आणि पत्र खणात टाकलं.

किल्ली काढून मी टेबलावर ठेवली. त्याने मागितली नव्हती.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चार वाजता सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून बसलो. पाच वाजता उचलून ठेवल्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दाराची घंटा वाजली. इंजेक्शनबाई. हिने मला न विचारता तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी न वाजवता उभी राहिली.

बाई बसली नाही. "समितीने वर्ग माझ्या गळ्यात मारलाय," म्हणाली. "मला शिकवता येत नाही. मला पाठीवरचे केससुद्धा येत नाहीत, पायपुसणं म्हणालात ते खरंच होतं."

"मग मिळालं ना हवं ते?"

"गप्प बसा, सर." हे ती वॉर्डात बोलत असेल तशी बोलली. मी गप्प बसलो. "बोट फिरवलं तेव्हाच मला कळलं. जन्मभर शिरा शोधल्यात मी. वाटलं, उठावं आणि कागद तुमच्या तोंडावर फेकावा. मग परत एकदा बोट फिरवलं. पाचही रेघा मुळाशी खोल, टोकाशी नाहीशा. पाचही केस ज्या बाजूला वाढतात त्या बाजूला. म्हटलं, ज्याला धड वाईटही करता येत नाही, त्याच्यावर काय रागवायचं? म्हणून मी तुमच्यासाठी खोटं बोलले. पेशंटच्या माणसांशीसुद्धा कधी बोलले नव्हते. आणि तुम्ही? दोन दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही!"

असं मला आजवर कुणी बोललेलं नाही. लाज वाटली. शनिवारी पाच ऑक्टोबरला वाटायला हवी होती ती आज वाटली, तिच्यासमोर, उभ्या उभ्या.

"बुधवारी चारला यायचं," ती म्हणाली. "मागच्या बाकावर बसायचं. तोंड उघडायचं नाही. एक शब्द निघाला तर जिन्याने खाली. मला तुमचा फक्त हात पाहिजे."

"मी येणार नाही."

"येतील," आतून ही म्हणाली.

२० नोव्हेंबर, बुधवार

गेलो. मागच्या बाकावर बसलो. बाक मोडका आहे, आजवर मला माहीत नव्हतं.

नऊ जण होते. जूननंतर गळालेल्यांपैकी तिघे परत आलेत. माझ्याशी कुणी बोललं नाही. सगळ्यांनी घरून सुया आणल्या होत्या. इंजेक्शनबाईने सांगायला सुरुवात केली, "सुईने केस हळूच दाबायचा." हळूच म्हणजे किती? तिला माहीत नाही. पोस्टमनने इतका दाबला की कागदाला भोक पडलं. शिवणवाली सुई टोकदारच घेऊन बसली होती, तिचा कागद फाटत चालला होता. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

सव्वाचारला बाईने पोस्टमनचा कागद उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी माझी सुई काढली. सशाच्या कानात एक केस दाबला. सावकाश, म्हणजे हात कुठे दाबतो आणि कुठे उचलतो ते दिसावं. मान वर केली तर नऊच्या नऊ डोकी माझ्या हातावर वाकलेली. पोस्टमनचा श्वास माझ्या कानाला लागत होता. त्याला ढकलावंसं वाटलं, पण हात गुंतला होता. वरून पेन्सिल फिरवली. केस उमटला. शिवणवालीने नुसतं बोट वर करून "अजून एक" अशी खूण केली. अजून एक काढला. मग तिच्या सुईचं टोक खिडकीच्या दगडी कठड्यावर घासून बोथट करून दिलं. मग प्रत्येकाच्या कागदावर दोन दोन. साडेपाच कधी वाजले कळलं नाही. एकतीस वर्षं जपलेली गोष्ट सव्वा तासात नऊ जणांना कळली. शिवणवालीच्या कुत्र्याच्या कानात तिच्या स्वतःच्या हातचा पहिला केस आला, आणि तो बरा होता.

तिथे तोंड उघडायला बंदी आहे, म्हणून इथे लिहितो. पोस्टमनचा ससा हा ससा नाही. शिवणवालीला केस कुठून उगवतो ते अजून ठाऊक नाही. परत आलेल्यांपैकी एक जण रबर घरी विसरला, हा काय प्रकार आहे? इंजेक्शनबाई कागद न बघताच प्रत्येकाला छान म्हणते. एकूण सतरा चुका मोजल्या. एकही बोललो नाही.